भावाच्या नावाने ब्रेन ट्यूमर संशोधनासाठी निधी: कुठे द्यावा, कसा द्यावा

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या ट्यूमरने गेला. निदान झाल्यापासून चौदा महिने मिळाले. त्याच्या उपचारासाठी मित्रांनी, नातेवाइकांनी आणि ऑफिसातल्या लोकांनी पैसे जमवले होते, त्यातले काही उरले आहेत. आणखीही लोक द्यायला तयार आहेत. त्याच्या नावाने संशोधनासाठी काहीतरी करावं अशी आईची फार इच्छा आहे. आम्ही स्वतःची संस्था काढावी की हे पैसे कुणाला तरी द्यावेत? आणि खरं सांगा, आमच्यासारख्यांच्या एवढ्याशा पैशांनी या आजारात काही फरक पडतो का?

उत्तर: ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर मनात नीट बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. मी सुरुवातीची बारा वर्षं लॅबमध्ये ट्यूमरच्या पेशींवर काम केलं. त्यानंतर आजवर संशोधनाचे प्रस्ताव वाचून पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समित्यांवर आहे. या कामात शास्त्रज्ञ जेवढे भेटतात, जवळपास तेवढीच तुमच्यासारखी घरंही भेटतात. आणि प्रत्येक घर हाच प्रश्न विचारतं, बहुतेक वेळा उठून जाता जाता, दाराशी थांबून.

फरक पडतो. मात्र पैसा कोणत्या टप्प्यावर ठेवला यावर तो अवलंबून आहे.

तुमच्या भावाला बहुधा टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल दिल्या असतील. रेडिएशन चालू असताना रोज, आणि मग दर अठ्ठावीस दिवसांतले पाच दिवस. हे औषध १९८०च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केलं. रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्या झाल्या त्या ‘कॅन्सर रिसर्च कॅम्पेन’ या धर्मादाय संस्थेच्या आधाराने. त्या संस्थेचा पैसा म्हणजे लोकांनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्या. मोठी कंपनी त्यानंतर आली. २००५ साली रॉजर स्टूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, १२.१ महिने होतं, या कॅप्सूल जोडल्यावर ते १४.६ झालं. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून जगभर हाच उपचार चालत आला आहे.

हे आकडे तुम्हाला सांगताना मला जड जातं, कारण तुमच्या घरी ते महिने मोजून झाले आहेत. तरीही सांगते, कारण त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, तुमच्या भावाच्या हातात जी कॅप्सूल होती तिच्यामागे कुणीतरी अनोळखी माणसांनी पूर्वी टाकलेला पैसा होता. दुसरी म्हणजे, प्रयोगशाळेपासून त्या निष्कर्षापर्यंत वीसेक वर्षं गेली, आणि एवढं करून हाती आले ते काही महिने. निधी उभारणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकदम माहीत असाव्यात. फक्त पहिली माहीत असेल तर माणूस दोन वर्षांत निराश होतो, आणि फक्त दुसरी माहीत असेल तर तो सुरुवातच करत नाही.

आता टप्प्याचं बघू. माणसांवरची मोठी चाचणी कोणत्याही एका कुटुंबाच्या आवाक्यात नसते, आणि तिकडे तुमची रक्कम समुद्रात थेंबासारखी विरून जाते. ते काम सरकारांनी आणि कंपन्यांनी करायचं. पण सरकारी अनुदानाच्या समितीत आम्ही प्रस्ताव उघडला की सगळ्यात आधी विचारतो, ‘प्राथमिक पुरावा कुठे आहे?’ कल्पना कितीही चांगली असो, तिच्या बाजूने चार-पाच प्रयोगांचे निकाल जोडलेले नसतील तर प्रस्ताव खाली सरकतो. आणि ते चार-पाच प्रयोग करायला पैसे मात्र कुणीच देत नाही. नव्या, अजून नाव न झालेल्या संशोधकाची इथे सगळ्यात जास्त कोंडी होते. अँटिबॉडीच्या काही कुप्या, थोडं सिक्वेन्सिंग म्हणजे जनुकं वाचणं, एका सहायकाचा सहा महिन्यांचा पगार, एवढ्यासाठी चांगल्या कल्पना पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. कुटुंबाचा पैसा थोडा असतो, पण तो पहिला असू शकतो. तुमच्या प्रश्नावर माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात येतं. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

याचं माझ्या डोळ्यांपुढचं उदाहरण लहान मुलांच्या एका ट्यूमरचं आहे. डीआयपीजी नावाचा ट्यूमर मेंदूच्या देठात, श्वास आणि गिळणं सांभाळणाऱ्या भागात होतो. नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी १९६२ साली दोन वर्षांची असताना त्यानेच गेली. त्यानंतर कित्येक दशकं या आजारात जवळपास काहीच हललं नाही. त्याचं एक साधं कारण होतं. त्या जागी सुई घालणं धोक्याचं मानलं जायचं आणि निदान एमआरआयवरच व्हायचं, त्यामुळे बायोप्सी क्वचितच होई. संशोधकांच्या हातात ट्यूमरचा तुकडाच नव्हता. ज्या गोष्टीचा तुकडाही हातात नाही तिच्यावर औषध शोधणार कसं?

तो तुकडा दिला आईवडिलांनी. मूल गेल्यानंतर काही तासांच्या आत शवविच्छेदनाला आणि ट्यूमर दान करायला त्यांनी संमती दिली. डॉक्टर विचारायला कचरत होते, तेव्हा काही ठिकाणी पालकांनी स्वतःहून विचारलं. या नमुन्यांतून आणि पुढे सुरक्षित झालेल्या बायोप्सींतून २०१२ साली कळलं की यातल्या बहुतेक ट्यूमरमध्ये हिस्टोन एच३ या प्रथिनाच्या जनुकात एकाच जागी बिघाड असतो. त्याला के२७एम म्हणतात. पालकांच्या लहान लहान संस्थांनी मग नमुने साठवणं, पेशी वाढवणं, रुग्णांची नोंदवही ठेवणं यासाठी पैसे दिले, आणि हाच बिघाड असलेल्या रुग्णांवर ओएनसी२०१ या औषधाचं काम झालं त्यालाही हातभार लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्या औषधाला, डॉर्डाव्हिप्रोन या नावाने, ट्यूमर पुन्हा वाढलेल्या रुग्णांसाठी त्वरित मंजुरी दिली. ज्या ५० रुग्णांच्या आधारे ती मिळाली त्यांतल्या २२ टक्क्यांमध्ये ट्यूमर लक्षणीय आकसला. म्हणजे पाचांत एकाला फायदा. हा आजार बरा झाला असं कुणीही म्हणू नये. पण पन्नास वर्षं जिथे काहीच नव्हतं तिथे आता एक औषध आहे, आणि त्याच्या मुळाशी त्या मुलांचे तुकडे आणि त्यांच्या घरच्यांनी जमवलेले पैसे आहेत.

ब्रेन ट्यूमरमध्ये हे काम कुटुंबांवर इतकं का येऊन पडतं, याचा मी बराच विचार केला आहे. स्तनाच्या कर्करोगाची चळवळ उभी केली ती प्रामुख्याने त्यातून बऱ्या झालेल्या बायकांनी. त्या स्वतः व्यासपीठावर येऊन बोलू शकत होत्या. ग्लायोब्लास्टोमात बोलायला रुग्णच उरत नाही, आणि असतो तेव्हाही अनेकदा त्याचे शब्दच हरवलेले असतात. मागे राहिलेल्यांनाच बोलावं लागतं, आणि तेही दुःख सगळ्यात ताजं असताना. त्यात मेंदूच्या ट्यूमरचे प्रकार शंभराहून जास्त, प्रत्येकाचे रुग्ण थोडे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा बहुतेक औषधं आतच जाऊ देत नाही. ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा हा त्यातलाच एक) पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात, त्यामुळे सर्जनला सगळी गाठ कधीच काढता येत नाही. आजार अवघड आणि रुग्ण थोडे, म्हणून कंपन्या जपून पाऊल टाकतात.

आता तुमचं प्रत्यक्ष काम.

सगळ्यात आधी ते उरलेले पैसे. ते लोकांनी तुमच्या भावाच्या उपचारासाठी दिले होते, संशोधनासाठी दिलेले नाहीत. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी न विचारता ते वळवू नका. ज्यांची नावं माहीत आहेत त्या प्रत्येकाला दोन ओळींचा निरोप पाठवा: इतके उरले आहेत, त्याच्या नावाने संशोधनाला द्यायचा विचार आहे, परत हवे असतील तर अमुक तारखेपर्यंत सांगा. बहुतेक जण ‘अवश्य द्या’ म्हणतील. एखादा परत मागेल, कदाचित त्याच्याच घरी आता कुणी आजारी असेल. त्याला प्रश्न न विचारता परत करा. ऑनलाइन मोहिमेतून पैसे आले असतील तर त्या मोहिमेच्या पानावरही ही सूचना टाका. आणि आजपासून संशोधनाचा पैसा वेगळ्या खात्यात. घरखर्च, दवाखान्याची बिलं आणि संशोधन एका खात्यात मिसळलं की दोन वर्षांनी हिशोब मांडताना घरातलीच माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. हे मी पाहिलं आहे, आणि त्यात कुणाचीही नियत वाईट नव्हती.

स्वतःची संस्था काढावी का? माझं स्पष्ट मत, पहिली दोन वर्षं तरी नको. संस्था म्हणजे नोंदणी, विश्वस्त, दरवर्षी ऑडिट, करसवलतीची कागदपत्रं, बैठकांची इतिवृत्तं. यातलं काहीच अवघड नाही, पण हे सगळं दरवर्षी करावं लागतं आणि बहुतेक घरांत ते एकाच माणसाच्या अंगावर येतं. एका घरात थोरल्या बहिणीने चार वर्षं हे एकटीने ओढलं. पाचव्या वर्षी ती मला म्हणाली, ‘मला त्याची आठवण येते तेव्हा आता त्याचा चेहरा येत नाही, फॉर्म येतात.’ आम्ही ती संस्था एका मोठ्या संस्थेत त्याच्या नावाचा निधी म्हणून सामावून घेतली. नाव तेच राहिलं, कामाचा हेतूही तोच, आणि बहीण मोकळी झाली.

म्हणून आधी विचारा तो त्याच्या नावाच्या निधीचा मार्ग. ब्रेन ट्यूमरच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या बऱ्याच संस्था, कर्करोग रुग्णालयं आणि विद्यापीठं अशी सोय देतात. निधी तुमच्या भावाच्या नावाने, हिशोब स्वतंत्र, पण पावत्या, ऑडिट आणि प्रस्तावांची छाननी त्यांच्याकडे. छाननी हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणता प्रस्ताव चांगला हे तुम्हाला कळावं अशी अपेक्षा नाही. ते त्या विषयातल्या, पण त्या संशोधकाशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी ठरवायचं असतं. ज्या ठिकाणी एकच डॉक्टर ‘मला द्या, मी बघतो’ म्हणतो तिथे थांबा. तो डॉक्टर देवमाणूस असला तरी थांबा. तुमच्या भावावर त्याने जिवापाड उपचार केले असतील, पण चांगला डॉक्टर आणि चांगला प्रयोग या वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाने माझ्या सल्ल्याने एका मोठ्या संस्थेला चांगली मोठी देणगी दिली. वडिलांची निवृत्तीची रक्कमही त्यात होती. दोन वर्षांनी ते बघायला गेले तर नव्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर त्यांच्या मुलीच्या नावाची पितळी पाटी होती. प्रयोग एकही झाला नव्हता. संस्था खोटं बोलली नव्हती. पावतीवर ‘संशोधन आणि विकास’ असं लिहिलं होतं, आणि इमारत हा विकासच. ती पावती मी वाचली नव्हती. वडील पाटीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बसायला जागा झाली, तेही चांगलंच झालं.’ त्यानंतर मी एकाही घराला लेखी कराराशिवाय पैसे देऊ दिले नाहीत.

त्या करारात काय असावं? पैसा नेमक्या कोणत्या कामाला, किती मुदतीत. संस्था व्यवस्थापनासाठी किती टक्के कापून घेणार; थोडं कापणं रास्त आहे, वीज, जागा आणि हिशोबनीस फुकट नसतात, पण आकडा आधी माहीत हवा. संशोधक मध्येच दुसरीकडे गेला तर पैशाचं काय. खर्च न झालेली रक्कम परत निधीत येणार की नाही. वर्षातून एकदा तुम्हाला समजेल अशा भाषेत अहवाल. आणि जे बहुतेक कुटुंबं विचारत नाहीत ते: प्रयोग फसला तर तेही छापणार का, आणि माहिती इतर संशोधकांना खुली करणार का. फसलेला प्रयोग दडून राहिला की दुसरीकडे कुणीतरी दुसऱ्या घराच्या पैशांनी तोच प्रयोग पुन्हा करतं. ‘तुमच्या पैशांतून ही कल्पना चुकीची ठरली’ हे ऐकायची तयारी ठेवा. ते वाया गेलेलं नसतं. पण ते आईला सांगताना शब्द जपून वापरावे लागतात, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा.

पैसा कशासाठी द्यायचा हे निवडायची संधी मिळाली तर माझा कौल दोन गोष्टींना आहे: माणसं आणि नमुने. माणसांचं कारण ब्रिटनच्या अनुभवात आहे. तिथल्या माजी मंत्री टेसा जॉवेल यांना २०१७ मध्ये ग्लायोब्लास्टोमाचं निदान झालं. जानेवारी २०१८ मध्ये त्या संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात या आजारावर बोलल्या आणि मे महिन्यात गेल्या. सरकारने ब्रेन ट्यूमरच्या संशोधनासाठी ४ कोटी पौंड जाहीर केले. एवढा मोठा विजय! पण २०२३च्या सुरुवातीला तिथल्या संसदेतल्या सर्वपक्षीय गटाने अहवालात दाखवलं की त्यातले सुमारे दीड कोटीच वाटले गेले होते. पैसा होता, तो घ्यायला पुरेसे तयार प्रस्ताव नव्हते, कारण या विषयात वाढलेले संशोधकच कमी. तरुण डॉक्टरने किंवा पीएचडी झालेल्या मुलीने या विषयात राहायचं ठरवावं म्हणून एक-दोन वर्षांची शिष्यवृत्ती देणं, त्यांना पहिल्या प्रयोगांचा खर्च देणं, हे काम पाच-सात कुटुंबं मिळून सहज करू शकतात.

मिळून, हा शब्दही मुद्दाम वापरला. एकाच प्रकारच्या ट्यूमरने माणूस गमावलेली घरं शोधा. प्रत्येकाने आपापल्या नावाची वेगळी झोळी घेऊन फिरण्यापेक्षा एका छाननी समितीखाली पैसा एकत्र करा. नावं सगळ्यांची राहतात. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात मुलांच्या पालकांनी १९५५ मध्ये अमेरिकेत अशीच संस्था काढली होती. पुढे तिने एका कंपनीला औषध शोधण्यासाठी पैसे पुरवले, २०१२ मध्ये त्यातलं पहिलं औषध बाजारात आलं, आणि २०१४ मध्ये संस्थेने स्वामित्वधनातला आपला हक्क ३३० कोटी डॉलरना विकून तो पैसा पुन्हा त्याच आजाराच्या कामात घातला. आपलं तेवढं होईल असं मी म्हणत नाही. पण पालकांनी सुरू केलेलं काम कुठवर जाऊ शकतं हे माहीत असावं.

निधी उभा करायचा कसा, याबद्दल कमी सांगते, कारण ते तुमच्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं सुचेल. धावण्याची शर्यत, गाण्याचा कार्यक्रम, हाताने विणलेल्या टोप्या, काहीही चालतं. ऑस्ट्रेलियात कॅरी बिकमोर या दूरचित्रवाणी निवेदिकेचा नवरा ब्रेन ट्यूमरने गेला. २०१५ मध्ये तिथला मोठा पुरस्कार घेताना तिने व्यासपीठावर लोकरी टोपी घातली आणि पुढे त्या टोप्या विकूनच संशोधनासाठी निधी उभारला. एक वस्तू, एक दिवस, दरवर्षी तोच, एवढं सातत्य असलं की लोकांच्या लक्षात राहतं. पहिल्या वर्षी सगळे येतील. तिसऱ्या वर्षी निम्मे येतील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, त्यांचं प्रेम आटलेलं नसतं. म्हणून मोठ्या कार्यक्रमापेक्षा दरमहा थोडे थोडे देणारी वीस-पंचवीस माणसं जोडा. संशोधकालाही पुढच्या वर्षी किती येणार हे कळतं तेव्हाच तो सहायक नेमू शकतो. कार्यक्रमाचा खर्च वजा जाता हाती काय उरलं ते प्रत्येक वेळी जाहीर करा, आकडा लहान असला तरी.

आवाहन लिहिताना एक वाक्य कटाक्षाने टाळा: ‘तुमच्या देणगीने ब्रेन ट्यूमर बरा होईल.’ ते वाचणाऱ्यांत आज ज्यांच्या घरी रुग्ण आहे अशीही माणसं असतात. त्यांच्या हातून खोट्या आशेपायी घरं विकली जातात, कुठेतरी न तपासलेल्या उपचारांची जाहिरात करणाऱ्या दवाखान्यात पैसा जातो. ‘एका तरुण संशोधकाचे पहिले प्रयोग आम्ही चालवतो आहोत’ असं खरं लिहा. लोकांना ते पुरतं. भावाचा फोटो कोणता वापरायचा, आजारातला की आधीचा, हे त्याच्या जवळच्यांनी ठरवावं; त्याची पत्नी असेल तर पहिला शब्द तिचा, आणि मुलं असतील तर त्यांचे फोटो शक्यतो नकोच. ती मोठी झाल्यावर त्यांना ते आवडेल का, हे आज कुणालाच ठाऊक नाही.

पैशाइतकंच मोल आवाजाला आहे. अमेरिकेत गॅब्रिएला मिलर नावाची दहा वर्षांची मुलगी ब्रेन ट्यूमर झालेला असताना पुढाऱ्यांना म्हणायची, बोलणं थांबवा आणि काहीतरी करा. ती २०१३ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी तिच्या नावाचा कायदा झाला. त्यात राजकीय पक्षांच्या अधिवेशनांसाठी राखलेला सरकारी पैसा, दहा वर्षांत १२ कोटी ६० लाख डॉलर, लहान मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाकडे वळवायची तरतूद होती. एखाद्या लोकप्रतिनिधीला तुमच्या आईने लिहिलेलं एक पानी पत्र, त्यात भावाचे चौदा महिने आणि एकच नेमकी मागणी, हेही निधी उभारणंच आहे.

आईबद्दल आणखी थोडं. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात हातांना काम हवं असतं, आणि हे काम आधार देतं. पण निधी हे दुःखावरचं औषध नव्हे. दर बैठकीत तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, आणि काही जणांना ती दर वेळी नव्याने भोगावी लागते. घरात एखादा भाऊ किंवा वडील यात येणार नाहीत. त्यांना ओढू नका, त्यांचं प्रेम कमी आहे असं समजू नका. सुरुवातीलाच ठरवा की तीन वर्षांनी सगळे बसून विचारतील, चालू ठेवायचं का? थांबवायचं ठरलं तर उरलेला पैसा कुठे जाईल तेही आत्ताच लिहून ठेवा.

आणि लॅब बघायला जा. पैसे देणाऱ्या कुटुंबाला दाखवण्यात कुठल्याही चांगल्या संशोधकाला अडचण नसते. एका वडिलांना मी स्वतः घेऊन गेले होते. मुलाच्या नावच्या निधीतून एका सहायकाचा वर्षाचा पगार निघत होता. ती सहायक मुलगी तिशीचीही नव्हती. तिने ३७ अंशांच्या कपाटातून एक चपटी बाटली काढली. आत गुलाबीसर द्रव, वरून बघितलं तर काहीच दिसेना. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बारीक मोत्यांच्या घोसांसारखे पेशींचे गोळे तरंगत होते. कुणाच्या तरी ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी, बाटलीवर फक्त सांकेतिक क्रमांक. वडील खूप वेळ डोळा लावून बसले. मला धास्ती वाटली, चूक तर नाही केली यांना आणून? मग त्यांनी तिला विचारलं, ‘यांना काय काय लागतं?’ तिने सांगितलं, दर दोन-तीन दिवसांनी ताजा द्रव, रविवार असला तरी. तेव्हापासून ते वर्षभर दर रविवारी तिला फोन करून विचारत, ‘आज गेली होतीस ना?’

शेवटी नमुन्यांचं, कारण त्याला मुदत असते. २००८ साली ग्लायोब्लास्टोमाच्या फक्त २२ नमुन्यांची जनुकं वाचताना आयडीएच१ या जनुकातला बिघाड सापडला. त्यावरून पुढे ट्यूमरचं वर्गीकरणच बदललं, आणि २०२४ मध्ये तो बिघाड असलेल्या हळू वाढणाऱ्या ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब हे औषध मंजूर झालं. बावीस माणसांचे तुकडे, ताई. तुमच्या भावाचं ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली तेव्हा काढलेल्या गाठीचा काही भाग मेणात बसवून त्याचा ब्लॉक केला असणार. निदान त्यावरूनच होतं. असे ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात काही वर्षं जपून ठेवतात, कायमचे नाही. निधीचं नाव, खातं, टोप्या हे सगळं महिनाभराने ठरलं तरी चालेल. या आठवड्यात त्या विभागात फोन करा. भावाचा नोंदणी क्रमांक आणि ऑपरेशनची तारीख हाताशी ठेवा. ब्लॉक अजून आहे का, किती वर्षं ठेवणार, आणि संशोधनासाठी द्यायचा तर संमतीपत्रावर सही कुणाची लागेल, एवढं विचारा.